फुकटची कॉइल

पीसीबीवर छापलेली कॉइल फुकट पडते, असं मी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून आमचा घरखर्च वाढला. वाक्यात खोट नाही. बोर्डावर तांबं आधीपासून पसरलेलं असतंच. नको तेवढं काढून टाकलं की उरते ती कॉइल. वेगळी तार नको, वेगळी खरेदी नको, सोल्डरिंग नको. एकदा नकाशा काढला की हजार बोर्डांवर हजार कॉइली, सगळ्या एकाच मापाच्या. मला हजार बोर्ड करायचे नव्हते, एकच करायचा होता. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूपुढे ‘गरज किती?’ हा प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

कॉइलची गरज निर्माण झाली ती सोसायटीच्या गेटमुळे. मी हॅम आहे. म्हणजे सरकारने रीतसर परीक्षा घेऊन, दिल्लीहून परवाना पाठवून, मला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बडबड करायची मुभा दिली आहे. ही बडबड लांब पोचावी म्हणून मी घरी एक दहा वॅटचा ॲम्प्लिफायर बांधला. ॲम्प्लिफायरचा स्वभाव असा, की आपण एक लहर द्यावी आणि त्याने ती मोठी करताना दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या आगंतुक लहरीही सोबत सोडाव्यात. यांना हार्मोनिक म्हणतात. जगभरचे हॅम आपल्या पोराबाळांनाही लाडाने हार्मोनिकच म्हणतात. ज्यांना पोरं आहेत त्यांना कारण विचारायची गरज नाही.

आता हिशेब बघा. मी रोज रात्री बोलायचो १४४.६४० मेगाहर्ट्झवर. त्याची तिप्पट होते ४३३.९२०. आणि गाड्यांच्या किल्ल्या, दारावरच्या बिनतारी घंटा, सोसायट्यांच्या गेटांचे रिमोट यांतले कितीतरी नेमके ४३३.९२० मेगाहर्ट्झवरच चालतात. हा योगायोग मला ठाऊक नव्हता. सेक्रेटरींनाही नव्हता, पण त्यांनी तो केवळ निरीक्षणाने शोधून काढला.

“तुम्ही रात्री साडेनऊला काय करता?” त्यांनी जिन्यात गाठून विचारलं.

“बोलतो.”

“कोणाशी?”

“हडपसरच्या एका गृहस्थांशी.”

“मग फोन का नाही करत?”

गेली कित्येक वर्षं जगातला कोणताही हॅम या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देऊ शकलेला नाही. मी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिलो.

“तुम्ही बोलता तेव्हा गेट उघडत नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “परवा सी विंगचे जोशी गाडीतून रिमोट दाबत बसले होते आणि त्यांच्या मागे चार गाड्या. तुमचं बोलणं संपलं तेव्हा गेट उघडलं. काय बोलत होतात एवढं?”

आम्ही फिल्टर कसा बांधावा यावर बोलत होतो.

या रोगावर औषध एकच, लो-पास फिल्टर. खालच्या वारंवारतेला ‘या’ म्हणायचं आणि वरच्यांना दारातून परत पाठवायचं. त्यात दोनच प्रकारची मंडळी असतात. कॉइल वाटेत उभी राहते आणि घाईत असलेल्या लहरींना पुढे सरकू देत नाही. कपॅसिटर त्याच लहरींना परस्पर जमिनीत पोचवतो. तीन कपॅसिटर, दोन कॉइली, एक डबी. झालं.

हे आमच्या क्लबातल्या अप्पांच्या कानावर गेलं. अप्पांनी व्हॉल्व्हच्या काळापासून आजवर किती तार गुंडाळली असेल याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. फोनवरच म्हणाले, “पाच मिलिमीटरचं ड्रिल बिट घे. त्यावर एक मिलिमीटर जाडीची तार, पाच वेढे. काढून घे, सेंटीमीटरभर होईल एवढी ताण. अशा दोन कर. चहा होईपर्यंत फिल्टर तयार.”

इतकं सोपं उत्तर मिळालं की शिकलेल्या माणसाचा अपमान होतो. मी इंजिनिअरिंगला चार वर्षं मॅक्सवेलची समीकरणं सोडवली ती काय ड्रिल बिटावर तार गुंडाळायला?

“अप्पा, मी मायक्रोस्ट्रिप करणार आहे.”

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “घरी सगळं बरं आहे ना?”

मायक्रोस्ट्रिप म्हणजे वर तांब्याची अरुंद पट्टी, खाली अखंड तांब्याचं ग्राउंड प्लेन आणि मधे इन्सुलेशनचा पत्रा. पट्टी रुंद केली की ती कपॅसिटरसारखी वागते, बारीक केली की कॉइलसारखी. ही कल्पना १९५२ साली अमेरिकेतल्या फेडरल टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजच्या ग्रिग आणि एंगेलमन या दोघांनी एका निबंधात मांडली. निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, की ही नवी पद्धत किलोमेगासायकलच्या प्रांतासाठी आहे. किलोमेगासायकल म्हणजे आजच्या भाषेत गिगाहर्ट्झ. माझं काम गिगाहर्ट्झच्या सातव्या हिश्श्यात चालतं. पण मथळे वाचून थांबणाऱ्यांपैकी मी नाही. मी मथळा ओलांडून थेट सूत्राकडे गेलो.

आधी फिल्टरचा घाट ठरवायचा. इथे दोन घराणी. एक बटरवर्थचं. या इंग्रज गृहस्थांनी १९३० साली एक निबंध लिहिला, आणि त्यांचा फिल्टर आपल्या हद्दीत अगदी सपाट असतो. दुसरं चेबिशेवचं. तो हद्दीत थोडा हेलकावतो, पण हद्द संपताच कड्यावरून उडी मारतो. चेबिशेव हे रशियन गणिती. त्यांची बहुपदी जन्मली ती वाफेच्या इंजिनातल्या दांड्यांच्या जोडणीचा विचार करताना, १८५४ साली. रेडिओ लहरी प्रत्यक्षात पकडल्या जायला अजून तीसएक वर्षं होती. अशा माणसाला माझ्या गेटच्या भानगडीत ओढणं बरं दिसेना, म्हणून बटरवर्थ घेतला. पाच घटक, १७५ मेगाहर्ट्झची हद्द. तिसऱ्या हार्मोनिकला साधारण ४० डेसिबलचा दणका, म्हणजे दहा हजार भागांतला जेमतेम एक भाग बाहेर. जोशी सुखाने घरी.

संगणकाने सांगितलं: प्रत्येक कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे लहर अडवायचा जोर, ७३.५७६६ नॅनोहेन्री.

हे आकडे बघून मला भरून आलं. दशांश चिन्हापुढे चार घरं! अप्पा कधी ‘पाचेक वेढे’ याच्या पुढे गेले नव्हते. मग बाजारातल्या नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डावर अर्धा मिलिमीटर रुंदीची पट्टी धरली. अशी पट्टी दर मिलिमीटरला सुमारे ०.६५ नॅनोहेन्री देते. भागाकार केला. उत्तर आलं ११३.३५ मिलिमीटर.

मी पुन्हा भागाकार केला. उत्तर तेच. अप्पांच्या पाच वेढ्यांत, एका सेंटीमीटरमध्ये मावतं ते काम करायला मला अकरा सेंटीमीटरची सरळ रेषा लागत होती. अशा दोन. कपॅसिटरही छापायचे म्हटल्यावर मधल्याला जवळजवळ चार सेंटीमीटर बाजूचा चौकोन लागला, कडेच्या दोघांना दोन-दोन सेंटीमीटरचे. सगळं एका ओळीत मांडलं तेव्हा फिल्टर झाला एक फूट लांब. ज्या ॲम्प्लिफायरसाठी तो होता तो तळहातावर मावतो.

पट्टी आणखी बारीक करून बघावी, तर तिथे लॉगरिदम आडवा येतो. रुंदी निम्मी केली तरी इंडक्टन्स वाढतो जेमतेम पाचवा हिस्सा. लॉगरिदम हा सरकारी खात्यातल्या बढतीच्या नियमांनी चालतो. आपण जिवाचं रान करावं आणि त्याने थोडंसं हलावं.

बायकोने जेवणाच्या टेबलावर तो फूटभर कागदी नमुना पाहिला.

“हे काय?”

“फिल्टर.”

“पाण्याचा?”

“हार्मोनिकचा.”

“आणि हा ठेवायचा कुठे?”

हा प्रश्न संगणकाने मला विचारलाच नव्हता.

जागा नसली की आपण दुमडतो. मी रेषा दुमडायला घेतली: पुढे, वळण, मागे, वळण, पुढे. याला मिअँडर म्हणतात. दिसायला मोठं रुबाबदार दिसतं. मोबाइलच्या बोर्डावर अशी वळणं बघून मी पूर्वी भारावलेलो होतो. आता अडचण अशी, की शेजारच्या दोन रेषांतून प्रवाह उलटसुलट दिशांनी जातो. त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात आणि एकूण इंडक्टन्स घटतो. सरळ असताना जी अकरा सेंटीमीटर पुरत होती ती दुमडली की अपुरी पडते. मग लांबी वाढवा. लांबी वाढली की आणखी दुमडा. दुमडलं की आणखी घटलं. जागा वाचवण्यासाठी सुरू केलेल्या या कामात माझा बोर्ड रोज थोडा मोठा होत गेला.

याच सुमारास मी नकाशा क्लबात दाखवायला नेला. तिथे वळणांवर चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाले, काटकोन चालणार नाही, कोपरा ४५ अंशात छाटा. दुसरे म्हणाले, छाटून भागत नाही, गोलाई द्या. तिसऱ्यांनी विचारलं, छाटायचा म्हणजे नेमका किती टक्के? त्यावर दोघांनी दोन वेगवेगळे आकडे सांगितले आणि दोघांनीही आपापला आकडा एकाच जाडजूड ग्रंथातला असल्याची ग्वाही दिली. ग्रंथ कोणाकडेच नव्हता. वाद आवाजापर्यंत आणि आवाज चहावाल्यापर्यंत पोचला. आता खरी गोष्ट अशी, की १४५ मेगाहर्ट्झची लहर या बोर्डात जवळजवळ एक मीटर वीस सेंटीमीटर लांब असते. तिला अर्ध्या मिलिमीटरचा कोपरा छाटला काय, न छाटला काय, दिसतच नाही. कोपऱ्यांचा हा प्रश्न गिगाहर्ट्झवाल्यांचा. पण ज्या गोष्टीने काहीच फरक पडत नाही तिच्यावर मत देताना माणूस जितका मोकळा असतो तितका एरवी कधी नसतो. बोर्ड बनवायचा कुठे आणि कसा, या प्रश्नावर मात्र सगळे गप्प होते.

शेवटी वळणं सोडून मी सरळ पट्टीवरच परत आलो आणि बोर्डासाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो.

“एफआर-४ आहे का?”

“ग्लास का पेपर?”

“ग्लास. डबल साइड. त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट किती?”

दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. “तुकडे वजनावर मिळतील,” तो म्हणाला.

त्याची काही चूक नाही. एफआर-४ हा माल मुळात आगीच्या हिशेबाने ठरवलेला. पेट घेतला तर आपोआप विझावा, एवढी त्याच्याकडून अपेक्षा. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.२ असेल, ४.४ असेल, ४.६ही असेल, काच किती, रेझिन किती, यावर ते अवलंबून. कॉइलच्या इंडक्टन्सला या आकड्याचं सोयरसुतक नसतं, तो पट्टीच्या मापांवर ठरतो. पण कपॅसिटरचा सगळा संसार त्या आकड्यावर उभा. ज्यांना ही अनिश्चितता परवडत नाही ते रॉजर्स कंपनीचा पत्रा घेतात. त्यातल्या एका प्रसिद्ध प्रकाराचा आकडा ३.३८, अधिक-उणे ०.०५ असा छापून दिलेला असतो. किंमतही आकड्याइतकीच नेमकी असते. मी ७३.५७६६ नॅनोहेन्री खिशात घेऊन वजनावरचा तुकडा घरी आणला.

मग छपाई. घरच्या घरी बोर्ड करायची जुनी रीत अशी: लेझर प्रिंटरवर नकाशा गुळगुळीत कागदावर उलटा छापायचा, तांब्यावर पालथा ठेवायचा, वरून गरम इस्त्री फिरवायची. टोनर वितळून तांब्याला चिकटतो. कागद गुळगुळीत पण पातळ हवा. या कामाला दिवाळी अंकातली जाहिरातींची पानं फार चांगली. कवितांची पानं चालत नाहीत, तो कागद खरखरीत. आमच्याकडे मागच्या दिवाळीचा एक अंक होता, त्यातल्या सोन्याच्या पेढीच्या दोन पानांवर मी दोन कॉइली छापल्या. त्यातल्या एका पानामागे बायकोने अर्धवट वाचलेली कथा होती, हे मला नंतर कळलं. कथेचा शेवट काय असेल हे तिने मला विचारलं आणि मी अंदाजाने सांगितलं. तो तिला पटला नाही.

इस्त्रीला टोनर लागला. टोनर तिथून ऑफिसच्या शर्टाला लागला. तेव्हापासून आमचे कपडे बाहेर इस्त्रीला जातात. हा खर्च फुकटच्या कॉइलच्या खात्यावर मांडावा की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

यानंतर फेरिक क्लोराईड. हे द्रावण नको असलेलं तांबं खातं. ते एवढ्यावर थांबत नाही. बाल्कनीच्या फरशीवर त्याचा थेंब पडला की पिवळट तपकिरी डाग कायमचा वस्तीला येतो. मी प्लॅस्टिकचा ट्रे वापरला, हातमोजे घातले आणि शेवटी ट्रे धुतला स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंकमध्ये. स्टेनलेस हे विशेषण फेरिक क्लोराईड मानत नाही. सिंकच्या जाळीला त्याने एका कडेने सुरुवात केली आणि मी पाणी सोडेपर्यंत बरीच प्रगती केली होती.

बोर्ड मात्र झाला. झाला म्हणजे, अर्ध्या मिलिमीटरची पट्टी कडांनी खाल्ली जाऊन कुठे ०.४ झाली, कुठे ०.४५. हा भाग मला खरोखर गमतीचा वाटतो. ०.४ मिलिमीटरला इंडक्टन्स सात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ७३.५७६६ मधला दशांशामागचा आकडासुद्धा माझ्या हातात नव्हता. तो इस्त्रीच्या आणि फेरिक क्लोराईडच्या हातात होता. अप्पांच्या कॉइलला चिमटीत धरून जरा ताणलं की इंडक्टन्स कमी, जरा दाबलं की जास्त. छापील कॉइल ताणता येत नाही. फार तर ब्लेडने खरवडता येते, आणि खरवडलेलं तांबं परत येत नाही.

तपासायला माझ्याकडे नॅनोव्हीएनए आहे. पूर्वी ज्या मोजमापासाठी मोठ्या प्रयोगशाळेत ओळख काढावी लागे ते आता हातात मावणाऱ्या यंत्रावर होतं, हे या काळाचे उपकार. यंत्राची अट एकच: दरवेळी आधी कॅलिब्रेशन. उघडं टोक जोडा, शॉर्ट जोडा, ५० ओहमचा लोड जोडा, मग थेट आरपार. या टोप्या शेंगदाण्याहून लहान असतात आणि सोफ्याखाली जातात. सोफा हलवून, कॅलिब्रेशन करून, बोर्ड जोडला. पडद्यावर रेघ उमटली. १७५ मेगाहर्ट्झपर्यंत सपाट, मग उतार, अगदी पुस्तकातला. मी आनंदाने बोर्डावर हात ठेवला आणि रेघ हलली. हात काढला, परत आली. थोडक्यात, फिल्टर उत्तम होता, फक्त त्याच्या आसपास माणूस असता कामा नये.

आणि मग पुढे जाऊन रेघ पुन्हा वर चढू लागली. सरळ पट्टी ही जात्या कॉइल नव्हे. ती आखूड असेपर्यंत कॉइलची नक्कल करते. वारंवारता वाढत जाऊन पट्टी अर्ध्या तरंगलांबीची झाली की नक्कल संपते आणि लहर आरपार निघून जाते. माझ्या अकरा सेंटीमीटरची ती वेळ ७६५ मेगाहर्ट्झच्या आसपास येत होती. पाचवा हार्मोनिक असतो ७२३च्या आसपास. म्हणजे मी तिसऱ्याला दारात अडवलं होतं आणि पाचव्यासाठी मागचं दार उघडून ठेवलं होतं.

बरं, तांब्याचाही हिशेब सांगतो. बोर्डावर ते ३५ मायक्रॉन जाड असतं. १४५ मेगाहर्ट्झला प्रवाह त्यातल्या साडेपाच मायक्रॉनच्या थरातच ये-जा करतो, बाकीचं तांबं नुसतं सोबतीला. त्यामुळे पट्टीचा अवरोध वाढतो, दहा वॅटमधला थोडा भाग तिथेच जिरतो आणि पट्टी कोमट होते. फिल्टरचं माहीत नाही, पण थंडीत बोटं शेकायला बरी.

तेव्हा मी स्पायरलकडे वळलो. एकाच केंद्राभोवती वेढे दिले की शेजारच्या रेषांतला प्रवाह एकाच दिशेने जातो, क्षेत्रं एकमेकांना मदत करतात आणि सेंटीमीटरभर चौकोनात दोन वेढ्यांमध्ये सत्तरच्या आसपास नॅनोहेन्री मिळतात. फक्त खालचं ग्राउंड प्लेन तेवढ्या भागापुरतं काढून टाकायला हवं, नाहीतर त्यात उलटा प्रवाह निर्माण होतो आणि कमावलेलं गमावतं. ग्राउंड प्लेन काढलं की ती मायक्रोस्ट्रिप उरत नाही, ही बाब मी अप्पांना सांगायची नाही असं ठरवलं.

स्पायरल म्हणजे चकली. बाहेरच्या टोकाने आत शिरता येतं. आतल्या टोकाने बाहेर यायला वाट नाही. मधल्या टोकापासून वेढ्यांच्या वरून उडी मारून बाहेर यायचं तर एकच उपाय: तारेचा तुकडा सोल्डर करायचा.

अप्पा नेमके त्याच दिवशी घरी आले. चष्मा वर करून बोर्ड डोळ्यांजवळ नेला.

“ही काय आहे?”

“जंपर आहे.”

“तार आहे.”

“तशी तारच, पण…”

“गुंडाळली असतीस तर चार वेढ्यांचाच तर प्रश्न होता आणखी,” असं म्हणून ते चहा प्यायला लागले.

मी त्यांना सूत्रांनी गारद करायचं ठरवलं. कपाटातून कागद काढले. मायक्रोस्ट्रिपची जी सूत्रं मी वापरली त्यांच्यामागे हॅरल्ड व्हीलर या अमेरिकन इंजिनिअरचं १९६५ आणि १९७७चं काम आहे. स्पायरलसाठी जे सूत्र वापरलं ते १९९९ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी छापलं. तेही व्हीलरच्याच एका जुन्या सूत्राची सुधारलेली आवृत्ती. अप्पांनी शांतपणे ऐकलं आणि आपल्या वहीचं पहिलं पान उघडलं. तिथे त्यांच्या पाच वेढ्यांचं सूत्र होतं: त्रिज्येचा वर्ग, वेढ्यांचा वर्ग, भागिले नऊ त्रिज्या अधिक दहा लांबी, सगळं इंचात. खाली शाईने लिहिलं होतं, ‘व्हीलर, १९२८’.

एकाच माणसाने एकोणपन्नास वर्षांच्या अंतराने आम्हा दोघांनाही मदत केली होती. अप्पांना ती कागदाच्या एका ओळीत मिळाली, मला पानंच्या पानं लागली. व्हीलरचा यात काही दोष नाही.

शेवटची आशा डब्यात होती. स्पायरलचा बोर्ड मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, कारण फिल्टर उघडा ठेवला तर हार्मोनिक तारेतून जाण्याऐवजी हवेतूनच जातात. झाकण उघडं असताना रेघ सुरेख यायची. झाकण लावलं की पत्र्यात प्रवाह फिरायचे, कॉइलचा इंडक्टन्स उतरायचा आणि हद्द १७५ची सरकून दोनशेच्या दिशेने चालू लागायची. थोडक्यात, झाकण उघडं असेपर्यंत फिल्टर चांगला होता पण काम करत नव्हता, आणि लावल्यावर काम करायला तयार होता पण चांगला नव्हता. अशी माणसं मी ऑफिसात पाहिली आहेत. वस्तू पहिल्यांदाच पाहिली.

दरम्यान सोसायटीची सभा झाली. विषयपत्रिकेत पाण्याच्या टाकीनंतर माझं नाव होतं. एकाने विचारलं, रेडिएशनने तुळस वाळते का? मी म्हटलं, नाही. दुसऱ्याने विचारलं, मग आमची का वाळली? सेक्रेटरींनी शेवटी मुदत दिली: रविवारपर्यंत.

शनिवारी रात्री मी ड्रिल बिट शोधलं. कॉइली तात्पुरत्या लावल्या आहेत. हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. तात्पुरत्याच. जळलेल्या पंपाच्या वाइंडिंगमधली तार निघाली, इनॅमल खरवडलं, पाच वेढे, दोन कॉइली, तीन मायका कपॅसिटर. फिल्टर झाला तेव्हा चहाच्या दुधावर अजून साय यायची होती. जोशींची गाडी त्यानंतर बाहेर अडकलेली नाही. फूटभर बोर्ड भिंतीवर लावला आहे. पाहुणे विचारतात आणि मी सांगतो, हा माझा फिल्टर आहे. खोटं काय त्यात?

छापील कॉइलबद्दल माझ्या मनात आकस नाही. हाच फिल्टर २.४ गिगाहर्ट्झच्या हद्दीसाठी काढला तर प्रत्येक पट्टी जेमतेम आठ मिलिमीटरची होते आणि कॉइल गुंडाळायची म्हटली तर धड एक वेढाही नीट पडत नाही. तिथे ग्रिग आणि एंगेलमन यांचंच ऐकावं. तुमच्या वायफायच्या डबीत कोणीतरी ते ऐकलेलं आहे.

पण गिगाहर्ट्झच्या बऱ्याच खाली काम असेल, बोर्ड एकच करायचा असेल आणि घरात इस्त्री एकच असेल, तर तार गुंडाळा. फक्त दोन कॉइली शेजारी-शेजारी समांतर बसवू नका, एकमेकींना काटकोनात बसवा. समांतर बसवल्या की त्या परस्पर बोलून घेतात आणि हार्मोनिक फिल्टरच्या वरून निघून जातो.